नवीन दार बसवलं, आता बाहेरून चौकटीभोवतीचं प्लास्टर कसं करू?

दारात_उभा
मंडळी, जरा मदत हवीये. मागच्या दाराची लाकडी चौकट खालून पार कुजली होती, बोट दाबलं की आत जायचं, म्हणून शेवटी काढून टाकली आणि यूपीव्हीसीचं दार बसवून घेतलं. बसवणारे आले, स्क्रू मारले, फोम मारला, दोनदा उघडझाप करून दाखवली आणि "बाहेरचं प्लास्टर तुमचं तुम्ही बघा" असं गाडीत सामान भरता भरता सांगून गेले. आता चौकटीभोवती तिन्ही बाजूंनी भिंत फुटलेली आहे, कुठे ४ सेमी तर कुठे १५, विटा दिसतायत, वर लिंटेलचं (दारावरच्या आडव्या तुळईचं) काँक्रीट उघडं पडलंय आणि फोम फुगून बाहेर लोंबतोय.

एका गवंडीकाकांना दाखवलं, ते म्हणाले एका दिवसाचं काम, चौकटीला घट्ट दाबून सिमेंट-रेतीचा माल भरून देतो, फट ठेवायचीच नाही म्हणजे पाणी येणार नाही. ऐकायला बरोबर वाटलं पण त्यांना इतक्यात वेळ नाही, म्हणून मीच करावं म्हणतोय. अनुभव म्हणाल तर एक पायरी बांधलीय, ती अजून जागेवर आहे. माल कसा कालवायचा, फोमचं काय करायचं आणि जुन्या प्लास्टरला नवीन जोडलेलं दिसू नये यासाठी काय करायचं, सांगा.

अर्धा_गवंडी
मालाचं नंतर बघू, निम्मं काम त्याच्या आधीचं असतं आणि लोक नेमकं तेच गाळतात.

आधी छोटी हातोडी किंवा थापीची मूठ घे आणि फुटलेल्या कडेपासून बाहेरच्या बाजूला जुन्या प्लास्टरवर टकटक करत जा. घट्ट असेल तिथे टणटण वाजेल, विटेपासून सुटलं असेल तिथे पोकळ ढबढब. चौकट उखडताना पहारीने हिसके दिलेले असतात त्यामुळे जेवढं फुटलेलं दिसतं त्याच्यापेक्षा सुटलेलं नेहमी जास्त असतं. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलने खुणा कर, त्या खुणांच्या थोडं बाहेरून सरळ रेष आख आणि ग्राइंडरने फक्त प्लास्टरच्या जाडीइतकं कापून आतलं सगळं काढून टाक. जीव वर येतो, चांगलं दिसणारं प्लास्टर काढावं लागतं, पण पोकळ भागाला नवीन माल जोडलास तर वर्षभरात दोन्ही बरोबरच खाली येतील. ग्राइंडर चालवताना मास्क आणि गॉगल, ही धूळ फुप्फुसातून परत बाहेर येत नाही.

फोम पूर्ण वाळलाय ना? एक दिवस झाला असेल तर वाळला असेल. धारदार लांब पात्याने काप, ओढून तोडू नको. आणि भिंतीच्या पातळीत कापून थांबू नको, चौकटीच्या बाहेरच्या तोंडापासून १५-२० मिमी आत जाईल असा काप. उन्हाने फोमचा भुगा होतो, त्यामुळे तो उघडा ठेवायचाच नाही आणि फोमवर माल धरतही नाही.

आता महत्त्वाचं. गवंडीकाकांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा असेल, पण चौकटीला दाबून माल भरायचा नाही. प्लास्टर आणि चौकट यांच्यामध्ये ८ ते १० मिमीची सरळ फट मुद्दाम ठेवायची आणि ती नंतर सीलंटने (रबरासारख्या लवचिक लुकणाने) भरायची. पाणी सीलंट अडवतं. सिमेंट अडवत नाही.

खटपट्या
+१, आणि हे मी स्वतःच्या हाताने शिकलोय म्हणून लिहितो. माझं दार ॲल्युमिनियमचं होतं, कॉफी कलरचं. मी अगदी मन लावून चौकटीपर्यंत माल भरला, रंध्याने (माल घोटायच्या फळीने) घोटला, चौकटीवर जो उडाला तो "वाळल्यावर खरवडू" म्हणून तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी खरवडला तर खाली पांढरट डाग, पावडर कोटिंगच खाल्लेलं. ओलं सिमेंट भयंकर अल्कलीवालं असतं, पीएच १२-१३ च्या घरात, ॲल्युमिनियम त्यात अक्षरशः विरघळायला लागतं आणि काचेवर पण धुरकट डाग पडतो. ते डाग आजही आहेत आणि पाहुणे आले की मी दाराच्या त्याच बाजूला उभा राहतो.

ते झालं रंगाचं. पुढच्या उन्हाळ्यात चौकटीच्या कडेने केसासारखी बारीक चीर आली आणि मग पावसात आतल्या बाजूला ओल. चीर इतकी बारीक की नख जात नाही, पण पाणी जातं, बारीक फटीत तर पाणी ओढून घेतलं जातं. तेव्हा तात्पर्य म्हणून नाही पण पहिलं काम म्हणजे चौकट, काच, बिजागऱ्या, कुलूप सगळं प्लास्टिक आणि मास्किंग टेपने झाक. कंपनीने लावून दिलेली संरक्षक फिल्म असेल तर ती एवढ्यात काढू नको, पण उन्हात महिनोन्‌महिने पण ठेवू नको, मग ती निघता निघत नाही.

शंकासुर
मला नेहमी प्रश्न पडतो की आपल्या आजोबांच्या घराला कुठे सीलंट होतं. चौकट भिंतीत बांधून घेत, होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या) ठोकत, गिलावा थेट लाकडापर्यंत. सत्तर सत्तर वर्षं दारं टिकली. आता प्रत्येक गोष्टीला एक नळकांडं विकत घ्यायचं.

अर्धा_गवंडी
जुन्या दाराजवळ जाऊन नीट बघा शंकासुर. चौकट आणि गिलावा जिथे भेटतात तिथे एकतर लाकडी पट्टी ठोकलेली असते किंवा दरवर्षी रंगाच्या थराखाली लपलेली चीर असते. ती पट्टी शोभेची नव्हती, ती चीर झाकायला होती. शिवाय दारावर मोठं छप्पर पुढे आलेलं असायचं, भिंती हात-हातभर जाड, पाणी चिरेत गेलं तरी आतपर्यंत पोचेस्तोवर परत सुकायचं. आता भिंत पातळ, छज्जा वीतभर आणि चौकट प्लास्टिकची.

ओळंबा
आकडे देतो म्हणजे वाद मिटेल (मिटत नाही, तरी देतो).

यूपीव्हीसी एका मीटरला एका अंशाला साधारण ०.०७ मिमी वाढतं. २.१ मीटर उंचीचं दार धरा आणि थंडीतली पहाट ते भर उन्हाची दुपार असा ४० अंशांचा फरक धरा, वाढ होते जवळपास ६ मिमी. ॲल्युमिनियम त्याच हिशेबात २ मिमीच्या आसपास. आणि भिंत? १ मिमीच्याही खाली. म्हणजे चौकट हलणार, भिंत हलणार नाही. दोघांना सिमेंटने बांधलंत तर कोणीतरी तुटणार, आणि तुटतं ते प्लास्टर, कारण ते ताणात कच्चं असतं. प्लास्टर नाही तुटलं तर चौकट आत वाकते आणि दुपारी दार घासायला लागतं, मग लोक बिजागरीला दोष देतात. गडद रंगाची चौकट उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते हे वेगळंच.

लाकडाचं गणित वेगळं, ते उष्णतेने फारसं वाढत नाही पण ओलाव्याने आडवं फुगतं-आक्रसतं. ताज्या ओल्या प्लास्टरला चिकटलेली लाकडी चौकट आधी पाणी पिऊन फुगते आणि मग वाळून मागे सरते, की झाली फट तयार. म्हणून लाकूड असेल तर आधी सगळ्या बाजूंनी, विशेषतः भिंतीत लपणाऱ्या बाजूला प्रायमर.

शंकासुर
वाद मिटला नाही पण थांबवतो. :)

निळीशाई
अवांतर: शंकासुरांनी गिलावा शब्द वापरला, किती दिवसांनी वाचला. आमच्या घरी आजी गिलावाच म्हणायची, प्लास्टर म्हणजे मोडलेल्या हाताला घालतात ते. असो, चालू द्या, मी वाचतेय, आमच्याकडे पण दार बदलायचं आहे.

दारात_उभा
बापरे, बरं झालं विचारलं. आज सुट्टी होती म्हणून टकटक केली. डाव्या बाजूला दोन वीत अंतरापर्यंत ढबढब! एक बारीक फट होती तिथे छिन्नी नुसती टेकवली तर ताटाएवढा तुकडा सुटून पायाशी. मागे वीट अगदी कोरडी, माती लागलेली, म्हणजे कधी धरलेलंच नव्हतं. तर आता डाव्या बाजूला जवळपास ४० सेमी रुंद पट्टा उघडा झालाय, उजवीकडे १५.

दुसरं, फोम कापला तर लक्षात आलं की उजवीकडे चौकट आणि विटेत साधारण १५ मिमी जागा आहे आणि डावीकडे ४५! एवढी सगळी नुसत्या फोमने भरलीय. हे ठीक आहे का? दार ओळंब्यात आहे, तपासलं.

ओळंबा
भिंतीतली दाराची मोकळी जागा वाकडी असेल आणि दार सरळ बसवलं की एका बाजूला जागा जास्त राहणारच, त्यात त्यांची चूक नाही. पण ४५ मिमी नुसत्या फोमवर सोडणं बरोबर नाही. फोम जागा भरतो, दार धरत नाही. दार धरतात ते स्क्रू, आणि स्क्रूच्या जागी चौकट आणि विटेच्या मध्ये टणक पॅकर (फट भरणारा ठोकळा) हवा, नाहीतर दार आपटलं की स्क्रू झोके घेतो आणि सगळी चौकट थरथरते. चौकटीला स्क्रूजवळ मुठीने ठोकून बघा, हलते का.

पॅकर असतील तर डावीकडचा फोम बाहेरून ५-६ सेमी खोल काढा, विटेला पाणी मारा आणि विटेचे तुकडे मालात बसवून जागा अरुंद करत आणा, पण माल विटेला धरू दे, चौकटीला नाही. मध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली १० मिमीची लाकडी पट्टी उभी ठेवा, माल आवळला की काढून घ्या. हे एक दिवस आधी करा, त्याच दिवशी वरून प्लास्टर चढवू नका.

दारात_उभा
पॅकर आहेत, तीन डावीकडे तीन उजवीकडे, निळे प्लास्टिकचे. हलत नाही. हुश्श.

रेतीचाळ
मालाबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मी येते. माझा अनुभव असा की घरच्या घरी काम करणारा माणूस एकच चूक हमखास करतो, सिमेंट जास्त घालतो. "बाहेरचं आहे, मजबूत हवं" म्हणून एकास दोन, एकास तीन. सिमेंट जितकं जास्त तितकं प्लास्टर वाळताना जास्त आक्रसतं आणि चिरा जास्त. बाहेरच्या पहिल्या थराला १:४, म्हणजे एक सिमेंट चार रेती, पुरे, विटा मऊ, जुन्या असतील तर १:५ सुद्धा चालतं. वरचा थर आतल्या थरापेक्षा कधीच कडक नको, हा नियम भिंतीवर लिहून ठेव. चुना मिळत असेल तर १ सिमेंट, १ चुना, ६ रेती हे माझं आवडतं, थापीवरून लोण्यासारखं सरकतं आणि नंतर चिरा कमी. चुन्याला हातमोजे आणि गॉगल मस्ट.

रेती कशी आहे ते बघायला काचेची उभी बरणी घे. निम्मी रेती, वर पाणी, चमचाभर मीठ, झाकण लावून मिनिटभर खळखळून हलव आणि ठेवून दे. दोन-तीन तासांनी बघ. खाली रेती, तिच्यावर चिखलाची मऊ साय बसलेली दिसेल. पट्टीने मोज. रेती १०० मिमी आणि साय ८ पेक्षा जास्त असेल तर ती रेती धू किंवा बदल. मी एकदा ही परीक्षा न करता आख्खी कंपाउंडची भिंत केली, सहा महिन्यांत हात फिरवला की पीठ. मालाला नावं ठेवली, सिमेंटला ठेवली, मिस्त्रीला ठेवली, शेवटी उरलेली रेती बरणीत घातली तर साय दोन बोटं!

अजून एक, रेती दमट असेल तर ती फुगलेली असते, मापात पाव हिस्सा तरी जास्त जागा खाते. म्हणजे चार घमेली घातली तरी खरी तीनच पडतात आणि माल नकळत तिखट, म्हणजे सिमेंट जास्त झालेला, होतो. सुक्या रेतीने मोज नाहीतर दमट असेल तर थोडी जास्त घे.

एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच कालव. घट्ट व्हायला लागला की पाणी घालून परत हलवायचा मोह होतो. तो माल टाकून द्यायचा. पाणी घातल्यावर मऊ होतो, ताकद परत येत नाही.

दारात_उभा
साय ५ मिमी निघाली. पास! घरच्यांनी लोणच्याची बरणी नेली म्हणून मी मात्र नापास.

एक प्रश्न, घरात पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद पडलाय, तो पाण्यात मिसळून विटांना लावला तर पकड येईल ना? कुठेतरी बघितलं होतं.

अर्धा_गवंडी
तो घराबाहेर अजिबात नको. तो सुकला तरी ओल लागली की परत मऊ होतो, म्हणजे पहिल्या पावसात तुझं प्लास्टर एका चिकट पापुद्र्यावर लटकलेलं असेल. बाहेर लावायचं तर एसबीआर (कृत्रिम रबराचं) किंवा ॲक्रिलिकचं लॅटेक्स घे, सिमेंटमध्ये कालवून पातळ स्लरी कर आणि ब्रशने घास. आणि ती चिकट असतानाच माल लाव. सुकून चकचकीत झाली तर पकड वाढायच्या ऐवजी घसरगुंडी होते, मग खरवडून परत लावावी लागते. म्हणून एका वेळी हातभर भागच.

विटांना मात्र स्लरीपेक्षा पाण्याची गरज जास्त. विटांमधल्या दरजा (सांधे) अर्धा इंच खोल खरवड, झाडूने धूळ काढ, आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी मार, सकाळी परत हलकं. लावताना वीट ओली असावी पण वरून पाणी चमकत नसावं. कोरड्या विटेने मालातलं पाणी शोषून घेतलं की सिमेंट अर्धवटच पिकतं, तुझ्या डाव्या बाजूला आधीच्या माणसाने बहुतेक हेच केलंय.

स्लरी खरी लागते ती लिंटेलला. काँक्रीट गुळगुळीत असतं. आधी छिन्नीने टाचे (बारीक खाचा) मार, जवळजवळ, मग स्लरी, मग माल.

ओळंबा
आणि जाळी. लिंटेल काँक्रीटचं, बाजू विटांची, दोघं वेगवेगळे वाढतात, त्या सांध्यावर चीर ठरलेली. सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५-१५ सेमी जाईल अशी जाळी, आणि वरच्या दोन कोपऱ्यांना तिरका तुकडा, साधारण २० बाय ३० सेमीचा, कोपऱ्याच्या टोकाला लागून ४५ अंशात. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी चीर प्रत्येकाने पाहिली असेल. भिंतीतला सगळा ताण त्या टोकाशी गोळा होतो, तिरकी जाळी त्या चिरेला आडवी पडते म्हणून उपयोग. फायबरची जाळी घेत असाल तर अल्कली सहन करणारी घ्या, साधी सिमेंटमध्ये गळून जाते. आणि ती विटेवर खिळून वरून माल फासला असं करू नका, पहिल्या थराच्या वरच्या भागात ओल्यातच दाबून बसवा.

खटपट्या
छज्जा नसेल तर दाराच्या वरच्या कडेला खालून खाच ठेवायला विसरू नको. भिंतीवरून ओघळणारं पाणी कडेवर आलं की तसंच वळून आत चौकटीकडे चालत जातं, पाण्याला छताला चिकटून चालायची सवय असते. खालच्या बाजूला १० मिमीची खाच असली की तिथून टपकन खाली पडतं. मी इलेक्ट्रिकच्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा ओल्या मालात दाबून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी काढला, झकास खाच.

दारात_उभा
पहिल्या थराचा रिपोर्ट. दोन्ही बाजू झाल्या, पट्टीने ओढून सपाट केल्या, स्वतःवर खूश होऊन वरचा भाग घेतला. एका दमात २५ मिमी चढवला, मस्त दिसत होता, मी दोन पावलं मागे जाऊन फोटो काढायला मोबाइल काढला आणि धप्प! लिंटेलवरचा सगळा माल एका तुकड्यात खाली. पायरीवर, चपलांवर, आणि थोडा माझ्या बुटात. फोटो आहे, पण नुसत्या लिंटेलचा.

अर्धा_गवंडी
हाहाहा, स्वागत आहे, आता तू खरा गवंडी.

जाडी! एका वेळी १२, फार तर १५ मिमी. काँक्रीटला त्याहून कमी. पातळ थर थापीने जोरात फेकून मार, फासू नको, फेकल्यावर मधली हवा निघून माल टाच्यांमध्ये घुसतो. मग त्याच्यावर खिळ्याने किंवा थापीच्या टोकाने नागमोडी ओरखडे काढून ठेव आणि दुसऱ्या दिवशी पुढचा थर. खालच्या बाजूला, म्हणजे दाराच्या वरच्या बोळक्यात, सरळ फळी टेकू देऊन लाव, कड पण धारदार येते आणि माल पण धरून राहतो. खाली पडलेला माल परत वापरला नाहीस ना?

दारात_उभा
...थोडासा.

रेतीचाळ
काढ.

दारात_उभा
काढला. :( वरचा भाग आता दोन दिवसांत दोन थर करून घेतला आणि धरलाय. आज सकाळी वरचा बारीक थर पण दिला, ६-७ मिमी, रंध्याने गोल फिरवला, मग ओल्या स्पंजच्या बोळ्याने रेती उघडी केली कारण बाकी भिंत सँडफेस (रेती दिसणारी, खरखरीत) आहे. टेक्श्चर बरंच जुळलं. पण जिथे जुनं संपतं आणि नवं सुरू होतं ती रेष दिसतेच आहे, घोटून घोटून हात दुखले.

अर्धा_गवंडी
माझं स्पष्ट मत सांगतो. ती रेष लपवायचा नाद सोड. जुनं प्लास्टर जितकं आक्रसायचं तितकं आक्रसून बसलंय, नवीन आता आक्रसणार, त्या दोघांच्या मध्ये केसाएवढी चीर येतेच येते, पुट्टी लाव नाहीतर काही लाव. मी आता दाराभोवती सरळ पट्टा काढतो. चौकटीपासून सारख्या अंतरावर, भिंतीपेक्षा ८-१० मिमी उठावदार, तिन्ही बाजूंनी. जोड पट्ट्याच्या कडेखाली जातो, बघणाऱ्याला वाटतं मुद्दाम केलेलं नक्षीकाम. तुझं डावीकडे ४० आणि उजवीकडे १५ आहे म्हणजे पट्टा १५ च्या थोडा बाहेर घे, दोन्हीकडे सारखा. डावीकडची उरलेली रेष भिंतीत राहील, तिथे जोडावर ग्राइंडरने ३-४ मिमीची सरळ खाच मार आणि रंगवता येणारं सीलंट भर. बेढब चिरेपेक्षा सरळ खाच कधीही बरी.

निळीशाई
पट्ट्याची आयडिया फारच आवडली. आमच्याकडे तर पट्ट्याला वेगळा रंगही देता येईल.

शंकासुर
म्हणजे शेवटी आजोबांची लाकडी पट्टीच, सिमेंटची केली.

अर्धा_गवंडी
मान्य. :)

ओळंबा
पट्टा चढवायच्या आधी खालचा भाग बघा. प्लास्टर जमिनीला टेकवू नका, जमिनीपासून १५ सेमी वर थांबवा आणि तिथली कड सरळ कापा, टेकलं की खालची ओल वर चढते. आणि निदान ७ दिवस पाणी मारा, दिवसातून तीन-चार वेळा, ऊन असेल तर गोणपाट ओलं करून लटकवा. रंगाची घाई नको, महिनाभर, निदान २८ दिवस जाऊ द्या. ताज्या प्लास्टरची अल्कली रंग उचलून टाकते.

खटपट्या
आणि आतून कोणी जिप्समची पुट्टी उरलीय म्हणून ती बाहेर लावायला सांगितली तर हात जोडून नाही म्हण. जिप्सम पाण्यात हळूहळू विरघळतं आणि ओल्या सिमेंटशी जमत पण नाही, फुगून उडतं.

दारात_उभा
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. पट्टा झाला, पाणी मारून झालं, प्लास्टर पूर्ण वाळलं. मग फट. १० मिमीची ठेवली होती, कुठे ९ कुठे ११. धूळ ब्रशने काढली, १२ मिमीचा फोमचा गोल दोर आत ढकलला, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप. दोर कशाला म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं पण ओळंबांनी मेसेजमध्ये समजावलं की सीलंट फक्त दोन्ही बाजूंना चिकटायला हवं, मागे चिकटलं तर ताणता येत नाही आणि मधूनच फाटतं, शिवाय दोरामुळे खोली निम्म्यावर येते, ६ मिमीच्या आसपास. सिलिकॉन नाही घेतलं कारण त्याच्यावर रंग बसत नाही, रंग बसणारं हायब्रीड सीलंट घेतलं. बोट साबणाच्या पाण्यात बुडवून एकदाच वरून खालपर्यंत फिरवलं आणि सीलंट ओलं असतानाच टेप ओढली. त्या टेपखालून जी रेष निघाली ना! घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली, कोणाला काही विशेष वाटलं नाही.

आज पाइपने पाणी मारून बघितलं. उजवी बाजू कोरडी, वर कोरडं, डाव्या कोपऱ्यात आत उंबऱ्याशी चमचाभर पाणी. सगळं करून!

ओळंबा
पाणी कुठून मारायला सुरुवात केली?

दारात_उभा
वरून. का?

ओळंबा
वरून मारलं की सगळंच भिजतं, कुठून आलं ते कळत नाही. उद्या सुकल्यावर खालून सुरू करा. फक्त उंबऱ्याला पाच मिनिटं, आत कोणाला तरी टॉर्च घेऊन बसवा. नाही आलं तर हातभर वर, परत पाच मिनिटं. जिथे आत दिसेल त्याच्या खालचं सगळं निर्दोष.

दारात_उभा
पहिल्या पाच मिनिटांतच आलं! भिंतीचा काही संबंधच नाही. उंबऱ्याच्या पट्टीखाली बसवणाऱ्यांनी डाव्या टोकाला सीलंट मारलंच नव्हतं, दोन बोटं मोकळी जागा, आणि बाहेरच्या फरशीचा उतार पण नेमका त्या कोपऱ्याकडे. टोक साफ करून, सुकवून सीलंट भरलं, फरशीवर पातळ थर देऊन उतार बाहेर वळवला. चार दिवसांनी परत खालून वरपर्यंत पाइप मारला, मुलगी आत टॉर्च घेऊन. कोरडं.

रंगाला अजून आठवडाभर थांबतोय. गवंडीकाका काल येऊन बघून गेले, पट्ट्यावरून हात फिरवला, फटीत नख घालून बघितलं आणि म्हणाले, "हे रबर किती दिवस टिकणार?" मी म्हटलं दहाएक वर्षांनी परत भरावं लागलं तर भरीन, प्लास्टर तर फोडावं लागणार नाही. ते "हं" म्हणाले आणि जाताना सीलंटच्या रिकाम्या नळकांड्याचा फोटो काढून घेऊन गेले.